उन्हाच्या बाजूची सीट

"थोडें असों द्या हो, थोडें."

रात्रपाळीची आमची बस सकाळी चेन्नईबाहेरच्या सिरुसेरीहून निघाली की हे वाक्य ठरलेलं. रात्रभर जागलेली माणसं आम्ही. ऊन नको, बोलणं नको, घर कधी येतंय एवढंच. अशा बसमध्ये हे गृहस्थ मुद्दाम उजवीकडच्या खिडकीशी बसायचे आणि पडदा वीतभर सरकवायचे. सूर्य नेमका त्याच बाजूला, तो थेट आमच्या तोंडावर. मागच्या सीटवरचा आमच्यातला कार्तिक ओरडायचा, "सार, स्क्रीन!" इकडे पडद्याला स्क्रीन म्हणतात. हे मागे न बघता आपलं वाक्य म्हणायचे, तेही मराठीत. बसमध्ये मराठी कळणारा मी एकटा, त्यामुळे भांडण कधी वाढलं नाही.

ते तंजावरकडचे मराठी. पूर्वज कधी काळी तिकडे गेले, मग घर मैलापूरला आलं. मी साताऱ्याहून नोकरीसाठी आलेला. त्यांचं मराठी ऐकलं की कुणी जुनी पोथी वाचतंय असं वाटायचं, आणि मध्येच "सरि, सरि", म्हणजे बरं बरं, असं तमिळ. आमचं काम अमेरिकेतल्या प्रकाशकांची पुस्तकं छापण्याआधी तपासायचं. ते त्यातले सर्वांत जुने. पन्नाशी ओलांडलेली, डोळ्यांखाली काळं, आणि खुर्चीतून उठताना "अम्मा" म्हणायची सवय.

एकदा माझ्याकडे एका म्हाताऱ्या प्राध्यापकाचं पुस्तक आलं, त्याच्या बागेविषयीचं. त्यात एक क्रियापद होतं, ॲप्रिकेट. 'दुपारी आम्ही ॲप्रिकेट केलं.' मला वाटलं, ॲप्रिकॉट म्हणजे जर्दाळू, ते वाळवले असतील. अनोळखी शब्द दिसला की लेखकाला शंका कळवायची असा आमच्याकडे नियम आहे. ती कळवण्याआधी बसमध्ये यांना विचारलं.

"जर्दाळूचा संबंध नाहीं," ते म्हणाले. "उन्हांत बसणें. लॅटिनांत अप्रिकस म्हणजे उन्हाला मोकळें असलेलें. बहुधा 'उघडणें' या शब्दापासून आलें. कोणा विद्वानानें तीन-चार शतकांमागें इंग्रजींत नेलें, पण चाललें नाहीं. स्वतः बसलें तरी तेंच, दुसऱ्याला बसविलें तरी तेंच."

"त्यात लॅटिन कशाला?" मी म्हटलं. "आमच्याकडे ऊन खातात. थंडीत सकाळी भिंतीला टेकून सगळा गाव ऊन खात बसतो."

"ऊन्ह खातात?" त्यांचा थकलेला चेहरा एकदम फुलला. "अय्यो! आम्ही तर उन्हांतून पळतों." दुसऱ्या दिवसापासून भेटले की विचारायचे, "काय, आज ऊन्ह जेवलांत कां?" चेन्नईत, जिथे माणसं माघातही छत्री उघडतात, तिथे हा प्रश्न. मी हसायचो. पण मनात यायचं, या माणसाला उन्हाची एवढी काय पडली आहे?

त्यातच साहेबांनी त्यांना दिवसपाळी देऊ केली. रात्रपाळीतून सुटायला आम्ही देव पाण्यात घालून बसलेलो, आणि यांनी चक्क नाही म्हटलं. ऑफिसात तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं बायकोशी पटत नसेल, कुणी म्हणालं डोकं फिरलंय. "मला सकाळ मोकळी पाहिजे," एवढंच ते म्हणाले.

मग एका सकाळी त्यांनी मला कॉफीला घरी नेलं, आणि सगळं उलगडलं.

तळमजल्यावरचं घर. शेजारी नवी इमारत उठलेली, त्यामुळे दिवसाही आत दिवा लागलेला. बायको शाळेत शिकवायची, ती आम्ही पोचता पोचता निघाली. आत खुर्चीत त्यांची आई, पाखराएवढी. पायांतलं बळ गेलेलं. यांनी चेहरा धुतला, वॉचमनला हाक मारली, आणि दोघांनी खुर्चीसकट तिला उचलून जिना चढायला सुरुवात केली. लिफ्ट नव्हती. प्रत्येक मजल्यावर थांबून दम खायचा. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही पाहुणे."

गच्चीवर कोवळं ऊन पसरलं होतं. म्हातारीने दोन्ही तळवे पुढे धरले, प्रसाद घ्यावा तसे, आणि डोळे मिटून हसली. मग मला म्हणाली, "गांव कोणतें, बाळा?"

"सातारा."

"मग आमचाच कीं तूं."

हे मात्र पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते. "मला ऊन्ह सोसत नाहीं," म्हणाले. "अम्माला आवडतें. खालीं असली कीं गप्प असते, इथें आली कीं बोलते. दिवसपाळी घेतली तर हिला वर कोण आणील?"

"आणि आभाळ आलं असलं तर?"

"बसमध्येंच बघून ठेवतों. तेवढ्यासाठीं तर पडदा." बोलता बोलता बसल्या जागी त्यांचा डोळा लागला. म्हातारी हळूच म्हणाली, "निजूं दे त्याला." कॉफी राहूनच गेली.

कार्तिकला मी हे सांगितलं. त्यानंतर तो ओरडला नाही.

कार्तिक महिन्यात इकडचा पावसाळा लागला. त्या वर्षी आभाळ उघडेचना. ते रोज पडदा सरकवायचे, बाहेरचा करडेपणा बघायचे आणि पडदा तसाच ठेवून द्यायचे. "काल एक शब्द बोलली नाहीं," एकदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी, "उद्यां उघडेल." आवाज पार थकलेला. त्याच झडीत अम्मा गेली.

दिवसकार्य आटोपून ते कामावर आले. सकाळी बस निघाली तेव्हा आभाळ स्वच्छ झालं होतं. ते सवयीने उजवीकडे बसले, पडदा सरकवला. ऊन लख्ख आत आलं. क्षणभर त्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि स्वतःच पडदा ओढून घेतला.

मागून कार्तिक म्हणाला, "इरुक्कट्टुम, सार." असू द्या, सर.

त्यांनी मान हलवली. "आतां नको."

पुढच्या आठवड्यात त्यांनी दिवसपाळी घेतली. आता भेट होत नाही. सकाळी आम्ही घरी निघतो तेव्हा वाटेत कुठेतरी त्यांची बस समोरून येते. उजवीकडची सीट आता माझी आहे. मी पडदा वीतभर सरकवून बघत राहतो. उन्हाची तिरीप त्या बसवर पडलेली असते आणि तिचे सगळे पडदे ओढलेले असतात.