टिचकीकाकी

मोटर बसवून झाली की काकी तिला नखाने टिचकी मारायच्या आणि कान जवळ नेऊन ऐकायच्या. आवाज पसंत पडला तर पुढे, नाहीतर चारही स्क्रू पुन्हा उघडायचे. एका ड्रोनला सहा मोटरी, तेव्हा दिवसाच्या किती टिचक्या ते तुम्हीच बघा. अंधेरीच्या आमच्या गाळ्यात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळ्यांच्या त्या टिचकीकाकी.

मूळच्या मालवणकडच्या, राहायला दहिसरला. वडील गिरणीत होते, त्या स्वतः रेडिओच्या कारखान्यात. तो बंद पडला आणि त्या फवारणीचे ड्रोन जोडायला आमच्याकडे आल्या. "रेडिओ काय नि ह्या काय, वायर ती वायरच," म्हणायच्या. मी शेजारच्या टेबलावर तपासनीस. स्क्रू हादऱ्याने सुटू नये म्हणून प्रत्येकाला निळ्या गोंदाचा थेंब लावतात. तो निळा रंग टॉर्चने बघून तपासणीच्या कागदावर त्यांच्या सहीखाली मी सही करायची, एवढंच माझं काम.

खरं सांगायचं तर मी बघायचो नाही. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, सोल्डरच्या धुराने डोकं धरायचं, त्यात साहेबांची घाई. काकींची टिचकी ऐकू आली की मी सही ठोकून मोकळा. त्यांच्यावर विश्वास होता म्हणा, पण त्याहून जास्त कंटाळा होता.

काकींना हौस एकच, आपलं मशीन उडताना एकदा बघायचं. गाळ्यात ड्रोनचे पंखे कधी लावतच नाहीत, ते वेगळे बांधून जातात. विमानतळ जवळ, त्यामुळे उडवायची परवानगीही नाही. डोक्यावरून विमान गेलं की काकी हात थांबवून म्हणायच्या, "मेली ती रोज उडतत. आमची तेवढी खोक्यात जातत."

मग कधीतरी त्या स्क्रू नाकाशी धरून बघू लागल्या. मी म्हटलं, "काकी, डोळे दाखवून घ्या ना."

"गप रे मेल्या. बोटांनी दिसता माका."

डोळे गेले की टेबल जाणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी पुन्हा विषय काढला नाही.

शेवटी साहेब एकदा आम्हाला शहराबाहेरच्या मैदानावर घेऊन गेले. काकी ठेवणीतलं लुगडं नेसून, सगळ्यांसाठी घावणे बांधून आल्या. त्यांनीच जोडलेलं मशीन वर गेलं. त्यांनी कपाळावर हात धरला.

"खय हा रे?"

"तिकडे, त्या झाडाच्या वर."

त्यांना काहीच दिसत नव्हतं, हे मला कळलं. फार वाईट वाटलं. तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले, मान कलती केली आणि ओरडल्या, "उतरव ता! एक मोटर ढिली हा!"

उडवणारा हसला, पण त्याने मशीन उतरवलं. मागची उजवी मोटर बोटाने हलत होती. काकींनी एक स्क्रू काढून माझ्या हातावर ठेवला.

"बघून सांग. निळा हा?"

खोटं बोलता आलं असतं.

"नाही, काकी."

स्क्रू घट्ट आवळलाय की नाही हे बोटांना कळतं, टिचकीलाही कळतं. पण गोंदाचा थेंब डोळ्यांनीच बघावा लागतो.

उडवणारा म्हणाला, "घट्ट करून परत उडवतो, थांबा ना." काकी थांबल्या नाहीत. "आधी खोक्यातली उघडूया." गाळ्यावर परत येऊन आम्ही बांधून ठेवलेली सगळी मशीनं उघडली. आणखी तीन मशीनांत निळा थेंब नव्हता. साहेबांसमोर त्या सरळ म्हणाल्या, "चूक माझी. माका दिसत नाय." सगळ्या कागदांवर माझीही सही होती. मी तोंड उघडलं नाही. त्याची आजही शरम वाटते.

सोमवारपासून त्यांनी येणं बंद केलं. त्या दिवशी जाताना पिशवीत डबा भरता भरता मला म्हणाल्या होत्या, "सही करताना माणसाक नाय बघूचा रे. स्क्रूक बघूचा."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

आता त्यांच्या टेबलावर दुसरं कुणी बसतं. पाय अजून सुजतात, घाई तीच आहे. मशीन समोर आलं की मीही मोटरला टिचकी मारतो. पण आधी टॉर्च लावतो.