हिना की केवडा

मुदखेडच्या फलाटावर मी एका अनोळखी बाईच्या पेटीत जवळजवळ डोकं घातलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला गेलो होतो. नांदेडला परतायची गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती. शेजारच्या बाकावर कुठल्याशा लग्नाहून परतणारं एक कुटुंब बसलं होतं. त्यातल्या बाईनं शाल काढायला लोखंडी पेटी उघडली, आणि मला मायच्या संदुकीचा वास आला. अगदी तोच. मी पत्रिकांची पिशवी बाकावर टाकून पुढे वाकलो. बाईनं झाकण धाडकन लावलं आणि पेटी पायाशी ओढून घेतली. तिच्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं ते काही कौतुकानं नाही. केस पिकलेला, चष्मा लावलेला माणूस लोकांच्या पेट्या का हुंगतो, याचं समाधानकारक उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही, आजही देता येणार नाही. "माफ करा" म्हणालो, फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि लातूरला अक्काला फोन लावला.

"अक्का, मायच्या संदुकीचा वास आला गं आत्ता!"

"हिन्याचा?"

"हिना कुठला? केवडा व्हता की तो."

"हाड! म्हणं केवडा. संदूक माझ्या उशाशी असायची. हिनाच व्हता."

"केवडा, अक्का."

"बारमाही शेंबडा व्हतास तू. तुला काय कळतंय वासातलं?"

आणि तिनं फोन आपटला. मी फलाटावर एकटाच हसत उभा राहिलो. कारण अक्का भांडली होती.

हे नीट सांगायला हवं. अक्का माझी थोरली बहीण. मला तिनं कडेवर वागवलं, बदडलं, पाढे पाठ करून घेतले. दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले आणि अक्काचं बोलणं आटलं. फोन केला की "हाव", "न्हाई", "बरं हाय", एवढंच. लग्नाकार्याला जाणं तर तिनं बंदच केलं. माझ्या मुलीला पहिली अंघोळ अक्कानं घातलेली, पण तिच्या लग्नाचं सांगायला गेलो तेव्हा म्हणाली, "मी मागून येते. मांडव उतरला, पाव्हणे पांगले, की येते." मी समजूत घालून थकलो, बायको रडली, मुलीनं अबोला धरून पाहिला. अक्का हलली नाही. आत्या नसलेलं लग्न माझ्या डोळ्यांसमोर यायचं आणि मला जेवण जायचं नाही. अशा अक्कानं मला शेंबडा म्हटलं होतं. मी लगेच परत फोन लावला, "केवडा" एवढंच म्हणालो आणि ठेवून दिला.

आमचं गाव हदगावच्या पलीकडे. काळं रान, त्यात कापूस. आबा, म्हणजे आमचे वडील, पंचक्रोशीतल्या एकूण एक लग्नाला असायचे. श्रीमंत होते म्हणून नव्हे. लग्नात कुणी ना कुणी रुसतंच, आणि रुसलेल्या पाहुण्याला पाटावर आणून बसवण्यात आबांचा हात धरणारा दुसरा नव्हता. नवरदेवाचा फुफा, म्हणजे आत्याचा नवरा, रुसला की आबांना बोलावणं जायचं. आबा त्याच्या शेजारी बसायचे, त्याच्याहून जास्त रुसायचे, आणि शेवटी दोघं मिळून जेवायला उठायचे.

मायची संदूक एरवी बंद. किल्ली कमरेला. झाकणावर रंगवलेली फुलं होती, त्यातलं एक मी नखानं खरवडलेलं. लग्नाला निघायचं ठरलं की माय संदूक उघडायची आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी आत डोकी घालायचो. लुगडी, डांबराच्या गोळ्या आणि त्या सगळ्यावर तो वास. गोड म्हणावा तर थोडा उग्र, उग्र म्हणावा तर नाकाला सोडवेना. माझ्यासाठी जे जे चांगलं ते त्या वासापासून सुरू व्हायचं: बैलगाडी, नवा सदरा, बुंदी, बँडवाल्यांच्या मागे पळणं. माय आम्हाला केसांना धरून मागे ओढायची. "नाकानं संपवता का रे सगळं?" म्हणायची आणि झाकण लावायची. वास खरंच संपतो असं मला पुष्कळ दिवस वाटायचं, म्हणून मी श्वास पुरवून पुरवून घ्यायचो.

तर भांडण सुरू राहिलं. मी सकाळी फोन करायचो, ती रात्री करायची. मी म्हणायचो, केवड्याला काट्यासारखा तिखटपणा असतो, तो त्यात होता. ती म्हणायची, तिखटपणा डांबराच्या गोळीचा, तुला गोळीच केवडा वाटली. बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरीचं लग्न तोंडावर आलंय, आन तुमी भाऊबहीण हिना-केवडा करून राहिलेत." पण तिनंच एकदा हळूच विचारलं, "काय म्हणाल्या आज वन्सं?" मी सांगितलं, "आज मला बैल म्हणाली." बायकोचा चेहरा खुलला.

शेवटी मी जुन्या नांदेडातल्या अत्तराच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचा मोठा हौशी. मला काय हवंय ते ऐकलं आणि त्यांनी बाटल्यांची रांगच मांडली. उजव्या हातावर हिना, डाव्या हातावर केवडा, मनगटावर मोगरा, कोपरावर खस. हा थोडासा तसा, तो अगदी जवळचा, पण तो नाही. "साब, हाथ तो भर गये," चाचा म्हणाले, "अब पाँव काढा." मग त्यांनीच चहा मागवला आणि म्हणाले, "नाक दमलं तुमचं. आज जावा, उद्या या." मी हिना आणि केवडा अशा दोन बारक्या बाटल्या घेतल्या. घरी आलो तर शेजारच्यांनी विचारलं, कुणाकडं लग्न झालं आज?

त्याच रविवारी बस धरून लातूर गाठलं. अक्कानं दार उघडलं आणि "ये" म्हणायच्या आधी हात पुढे केला. "काढ." मी हिना दिला. तिनं हुंगला. मग केवडा हुंगला. मला वाटलं आता हरते. ती म्हणाली, "हा बी न्हाई." आणि लगेच, "पर हिना जवळचा हाय."

"केवडा जवळचा हाय."

"चल, संदूकच उघडू."

माय गेल्यावर संदूक अक्काकडे आली होती. आता तिच्यात वर्षाची तूरडाळ होती, एरंडेल चोळून ठेवलेली. लातूरला राहून दुसरं काय भरणार? आम्ही दोघांनी डाळ पातेल्यांत, डब्यांत, शेवटी बादलीत काढली. रिकाम्या संदुकीत डोकी घातली, लहानपणी घालायचो तशी दोन बाजूंनी. एरंडेलाशिवाय कसलाही वास नव्हता. माझी मान आखडली, तिचा गुडघा, आणि आम्ही एकमेकांना आधार देत उठू लागलो. उठताना अक्काचा हात तळाच्या कागदाखाली गेला आणि तिनं काहीतरी बाहेर काढलं. कापसाच्या बारीक गोळ्या. पिवळ्या पडलेल्या, दगडासारख्या घट्ट. एक, दुसरी, मग मूठभर.

"फाये," अक्का म्हणाली आणि मटकन खाली बसली. "अरे, आबाच्या कानातले फाये!"

मग तिला आठवत गेलं आणि तिचं ऐकून मलाही. लग्नात मनगटावर अत्तर लावत आणि पुरुषांना अत्तरात भिजवलेला कापसाचा फाया देत. तो कानाच्या पाळीवरच्या खोबणीत खोचायचा. दिलेला फाया चिमुकला असतो म्हणून आबा आपल्या रानातला कापूस खिशात घेऊन जायचे, चांगला बोराएवढा, आणि अत्तर लावणाऱ्याला गोड बोलून तो भिजवून घ्यायचे. घरी आले की माय पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी त्यांच्या कानातला फाया काढायची आणि संदुकीत लुगड्यांच्या घडीत सरकवायची. प्रत्येक लग्नाचा एक. कुणाकडे हिना, कुणाकडे केवडा, गरिबाघरी गुलाब, सावकाराघरी आणखी काही. आमच्या लहानपणाचा तो वास म्हणजे कुठलंच एक अत्तर नव्हतं. हदगाव तालुक्यातली सगळी लग्नं त्या संदुकीत एकत्र नांदत होती.

"म्हंजे दोघं बी खरे," मी म्हणालो.

"दोघं बी बैल," अक्का म्हणाली. डोळे पुसत हसत होती. "आन मिळायचा न्हाई रे तो बाजारात. त्याच्यासाठी लग्नंच फिरावी लागतील."

"मग चल की. पहिलं लग्न तर घरचंच हाय."

तिचं हसू गेलं. मुठीतले फाये तिनं ओच्यात ठेवले आणि ते चाळवत राहिली. मग म्हणाली, "हे गेल्यावर एका लग्नाला गेल्ते मी. हितंच, लातुरात. एक बाई अत्तर लावत ओळीनं आली. माझी पाळी आली, तसा मी हात पदराखाली घेतला. तिनं काय केलं न्हाई, ती थांबली व्हती. मीच घेतला. मला वाटलं, ही लावू का नको म्हणत असंल. तिला कशाला कोड्यात टाका? आन मग तसंच बसून राह्यले. जेवण बी गेलं न्हाई."

इतके दिवस मी तिला 'लोक काय म्हणतात त्याकडं लक्ष देऊ नको' असलं शहाणपण शिकवत होतो, आणि तिला कुणी काही म्हटलंच नव्हतं. मला तिचा राग आला, त्या हाताची कीव आली, आणि मी उठून बादलीतली डाळ परत भरायला लागलो. निघताना एवढंच म्हणालो, "अक्का, तुझा फाया मी आणून देणार न्हाई. आपला आपण आणायचा."

"बघू," ती म्हणाली.

लग्न विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतं. कार्यालयवाल्यांच्या पॅकेजात दारात सुगंधी फवारा मारणारं यंत्र होतं. मी ते बंद ठेवायला लावलं, आणि अत्तरदाणी न् कापूस मागवला. त्यावर व्यवस्थापकानं माझ्याकडे त्या पेटीवाल्या नवऱ्यासारखंच पाहिलं.

हळद लागली, अक्का नाही. नवरदेव मारुतीच्या पारावर आला, अक्का नाही. फोन बंद. मुलगी मला डोळ्यांनी विचारत होती आणि मी दुसरीकडे बघत होतो. अक्षता वाटल्या जात असताना बायकोनं मला कोपरानं ढोसलं. अगदी मागच्या ओळीत, खांबाच्या आडोशाला, अक्का बसली होती. पिवळसर लुगडं, मांडीवर पिशवी, हात पदराखाली.

माझी मेहुणी अत्तरदाणी घेऊन बायकांच्या बाजूनं फिरत होती. मी अक्षता मुठीत धरून बघत राहिलो. एक ओळ झाली, दुसरी झाली. मागच्या ओळीत अक्काच्या शेजारणीला अत्तर लागलं. मेहुणी अक्कापाशी आली आणि थबकली. क्षणभर दोघी तशाच. पदर हलेना. मी मनात म्हणालो, माय, हिला सांग काहीतरी.

पदर हलला. हात बाहेर आला, पालथा, सरळ पुढे. मेहुणीनं अत्तर लावलं. अक्कानं हात नाकाशी नेला, डोळे मिटले, उघडले, आणि भरल्या कार्यालयात खणखणीत आवाजात मला हाक मारली, "हिना हाय रे, हिना!"

होताच. मीच ठेवला होता. चाचा म्हणाले होते, लग्नाला केवडा घ्या, साब. मी म्हणालो होतो, नको, एकदा तिला जिंकू दे.

भटजी घसा खाकरले, लोक हसले, माझी मुलगी मुंडावळ्यांआडून आत्याला बघून हसली आणि तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं. मी अक्षता टाकायच्या सोडून डोळे पुसत होतो.

पंगती उठल्या तेव्हा मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावणार, इतक्यात मागून कुणीतरी माझा कान धरला. अक्का होती. तिनं माझ्या कानातला फाया काढला, न बोलता पदराच्या गाठीत बांधला, आणि मग पुढे जाऊन नव्या व्याह्यांच्या कानातलाही काढला. व्याह्यांची बिचाऱ्यांची नुकतीच ओळख झालेली. त्यांना वाटलं ही आमच्याकडची रीतच असावी, म्हणून त्यांनी आपल्या भावालाही कान पुढे करायला लावला.

परवा तिचा फोन आला. बरंच फिरून झालंय म्हणे. औशाचं एक, उदगीरचं एक, लातुरातली तर मोजलीच नाहीत. हल्ली फाया कुणी देत नाही, म्हणून कापूस ती घरूनच नेते. तूरडाळ आता पत्र्याच्या पिंपात गेली आहे.

"मग? आला का वास संदुकीला?" मी विचारलं.

"अजून न्हाई रे. अजून लई लग्नं लागतील," ती म्हणाली. "तुमच्याकडं हाय का कुणाचं?"