अस्सल बरहुकूम

बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला आमच्या औरंगाबादचा मकबरा दाखवायला न्यावंच लागतं, आणि तिथं उभं राहून तो एकदा तरी म्हणतोच, "अच्छा, म्हणजे ताजमहालची कॉपी!" ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. अरे बाबा, मुलानं आईसाठी बांधलंय ते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. आईची आठवण छळायला लागली की माणसाला जे जमेल ते तो करतो. त्यात नाक मुरडण्यासारखं काय आहे? पण पाहुण्यापुढं असं बोलता येत नाही. मी त्याला शेंगदाण्याची पुडी घेऊन देते.

या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. शाळेत कॉपी म्हणजे निव्वळ चोरी. परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या मागच्या भिंतीवर नातेवाइकांची ही गर्दी, आणि आत मास्तर खिडक्या लावत फिरायचे. शेजारच्या मैत्रिणीच्या घरी उर्दू चालायची, तिथं कापी म्हणजे साधी वही. तिची अम्मी संध्याकाळी ओरडायची, "कापी निकालो, चलो!" आणि मला उगाच धडकी भरायची. पुढं मी कचेरीत लागले तेही नकला विभागात. लोक जमिनीच्या कागदांच्या नकला मागायला यायचे. करमाडचे, पैठणचे, कुठकुठले. टंकयंत्रात कार्बन घालून मी एका दमात चार-चार प्रती काढायचे. वरची ठसठशीत, सगळ्यात खालची इतकी पुसट की वाचणारा कपाळाला आठ्या घालणार. मग खाली शिक्का, 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. म्हणजे मुळात जसं आहे अगदी तसं. मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो शिक्का उचलायचा नाही, हा तिथला पहिला नियम. आणि आता पैठण गेटला भारी कंपनीचे नकली बूट विकणारा "फर्स्ट कॉपी आहे ताई" असं छाती फुगवून सांगतो, जसा काही बोर्डात पहिला आलाय.

पण मी हा शब्द शिकले तो यातल्या कुठंच नाही. मी तो शिकले आईच्या फोटोपायी.

आई आमच्या गावी, पाचोडला, कावीळ होऊन गेली तेव्हा माझे दुधाचे दातही पडले नव्हते. मला तिचे पिठानं माखलेले हात आठवतात, लुगड्याचा ओला वास आठवतो. तोंड आठवत नाही. खूप ताण देऊन पाहिला, नाहीच आठवत. आणि फोटो म्हणाल तर तिचा एकही नव्हता. लग्नात काढला नाही, नंतर कोण काढतंय? ती गेल्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला औरंगाबादला मावशीकडं ठेवलं आणि ते शेतीपायी गावाकडंच राहिले.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसे दादा शहरात आले. भिंतीवर फोटो लावून हार घालायची पद्धत तोवर गावाकडंही पोचली होती. मावशीला आणि मला घेऊन ते सिटी चौकातल्या एका स्टुडिओत गेले. बाहेरच्या पाटीवर रंगानं लिहिलं होतं, 'जुन्या फोटोवरून कॉपी काढून मिळेल'. तो शब्द तिथं मला मावशीनं वाचून दाखवला.

फोटोवाले चाचा काळ्या कपड्यात डोकं घालून काहीतरी करत होते. बाहेर येऊन म्हणाले, "असल दिखाओ."

"असल नाय," दादा म्हणाले.

"असल नै तो कापी कायकी निकालूं भाऊ?"

 दादा माझ्याकडं हात करून म्हणाले, "ही पोरगी उद्या इचारील, माय कशी व्हती. तिला दाखवू काय?"

चाचा परत काळ्या कपड्याकडं वळले. तेव्हा मावशी पुढं झाली. "माझा काढा. आम्ही दोघी एकाच तोंडवळ्याच्या हाव. तिचं लुगडं नेसून बसते मी."

आज हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं, पण तेव्हा यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. ज्याचा फोटो नाही त्याच्या जागी भाऊ, बहीण बसायची, घरचे डोळे मिटून तो मान्य करायचे. चाचांनी पण आधी असं केलेलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "ठीक है. मगर बैठना उनके सरीखा. तुम्हारे सरीखा नक्को."

पुढच्या खेपेला दादांनी गावाहून आईचं हिरवं इरकली लुगडं आणलं. मावशी शहरात येऊन गोल पातळ नेसायला लागली होती. पडद्यामागं नऊवारी नेसायला तिला फार वेळ लागला. बाहेर आली ती वेगळीच दिसत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावरून पदर. आईचा पुढचा दात तुटका होता म्हणून ती ओठ घट्ट मिटून असायची, तसे तिनं मिटले. आईला एका कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळं चांगला कान पुढं करून ती मान जराशी कलती ठेवायची. मावशीनं तशी मान कलती केली. दादा चटकन उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

चाचांनी मला जवळ घेतलं. "बेटी, ये कौन है?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणाले, "मावशी."

मावशीचे डोळे भरले. पण ओठ उघडले नाहीत तिनं, मानही सरळ केली नाही. तशातच चाचांनी फोटो काढून घेतला.

तो फोटो आधी मावशीकडं होता, मग माझं लग्न झाल्यावर पुंडलिकनगरच्या आमच्या घरी आला. येणारी-जाणारी म्हणायची, "तुमच्या आई का? अगदी तुम्ही!" मी हो म्हणायचे. सांगत कोण बसतं? पण दर अमावस्येला हार बदलताना माझ्या मनात एकच येई, की मी मावशीला हार घालतेय, आणि मावशी तर तिकडं दोन गल्ल्या पलीकडं चांगली भाकऱ्या थापतेय. जिवंत माणसाला हार घालतात का? त्या फोटोपुढं मी कधी 'माय' म्हणून हाक मारली नाही. मनातल्या मनातसुद्धा जमलं नाही.

आई मला भेटायची ती निराळ्या ठिकाणी. लहानपणी मी मावशीच्या मागं लागायचे, "आई कर ना." कामात असली तर ती धपाटा घालायची. पण एखाद्या दुपारी तिची तबियत लागली की ती पदर डोक्यावर ओढायची, पहिल्या भाकरीचा पापुद्रा तोडून स्वतःच तोंडात टाकायची आणि घोगऱ्या आवाजात म्हणायची, "जळली का काय बघते." मग अंगणाकडं मान कलती करून हाक मारायची, "ये गं माझ्या मिठाच्या खड्या!" मी पळत बाहेर जायचे आणि बाहेरून पुन्हा पळत आत यायचे, त्या हाकेला येता यावं म्हणून. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की ती हळूच पदर खाली घ्यायची आणि पुन्हा मावशी व्हायची. तो क्षण मला कधीच सोसला नाही.

मी मोठी झाले, नोकरीला लागले, मला लेकरं झाली, तरी माझी ही मागणी सुटली नाही. मला लाजही वाटायची नाही. एका संक्रांतीला मी अशीच म्हणाले, "मावशे, आई कर ना गं एकदा." ती वाण देता देता थांबली.

"आता नाय जमत," ती म्हणाली. "पहिलं ती डोळ्यापुढं उभी ऱ्हायाची, तिला बघून मी करायची. आता मी केलेलीच मला आठवती. ती नाय आठवत."

मी हसून वेळ मारून नेली. घरी आले आणि मोरीत नळ सोडून रडले. चार कागदांच्या खालची ती पुसट प्रत माझ्या हातात होती, आणि आता वरचे सगळे कागद हरवले होते. मावशी विसरली म्हणजे जगात आईला पाहिलेलं कुणी उरलंच नाही. दादाही तोवर गेलेले.

मग मावशीही गेली. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, तेराव्याच्या आधी घरी आला. फोटो हवा होता. मावशीला फोटोचा भारी तिटकारा. कॅमेरा दिसला की स्वयंपाकघरात पळायची. मोबाईलमध्ये होते ते सगळे दवाखान्यातले, नाकात नळी घातलेले. तो चाचरत म्हणाला, "आईनं सांगून ठिवलं व्हतं, ताई. मी गेले की ताईकडचा फोटो लावा म्हणून. बसले तर मीच व्हते, म्हणाली."

खोटं कशाला सांगू, मला संताप आला. तिचं म्हणणं खरंच होतं, म्हणूनच जास्त आला. तो फोटो तिच्या भिंतीवर तिच्या नावानं लागला की संपलंच; इतकी वर्षं मी जे झाकून ठेवलं होतं ते उघडं पडणार, आणि माझ्या आईला भिंतीवर जागाच उरणार नाही. पण ज्या बाईनं मला वाढवलं तिच्या तेराव्याला फोटो नाही कसा म्हणणार? मी खिळ्यावरून फ्रेम काढून त्याच्या हातात दिली. "कॉपी काढ आणि मूळ परत आण," एवढंच म्हणाले.

तेराव्याला त्यानं मोठी, रंगीत करून घेतलेली कॉपी पाटावर ठेवली होती. झेंडूचा हार, उदबत्ती, पुढं पुरणपोळीचं ताट. मी मुद्दाम लांब, दाराशी बसले. मावसभावाची धाकटी मुलगी नमस्कार करायला पुढं आली. मावशीच्या कुशीत झोपणारी, तिच्या हातचंच जेवणारी ती पोर. ती फोटोसमोर उभी राहिली, जवळ गेली, आणि हात न जोडताच मागं वळली.

"पप्पा, ही आजी नाहीये."

"असं नाही बोलायचं बेटा. आजीच आहे. तरुणपणीची."

"नाहीये," ती रडकुंडीला आली. "आजी अशी बघतच नव्हती. आजी अशी मान नव्हती करत. ही कोणीतरी दुसरी बाई आहे!"

तिची आई तिला ओढून आत नेऊ लागली. बायका कुजबुजल्या. मी कशी उठले ते मला सांगता येणार नाही. मी त्या पोरीला उचलून घेतलं आणि विचारलं, "नीट बघून सांग. आजी नाही ना?"

तिनं पुन्हा पाहिलं. "नाही," म्हणाली.

मावशीसाठी त्यांनी मग दवाखान्यातलाच एक फोटो नळी पुसून घेऊन लावला. माझी फ्रेम मी त्याच संध्याकाळी घरी आणली, पदरानं काच पुसली आणि खिळ्याला अडकवली. मिटलेले ओठ, चांगला कान माझ्याकडं केलेला. मी त्या कानाशी तोंड नेलं आणि हाक मारली, "माय."