बाबांचा वारा

विमान उडवायला शिकणाऱ्या आमच्या तुकडीत अमरावती जिल्ह्यातली मी एकटीच. बाकीचे दिल्लीचे, केरळचे. ते आपापसांत इंग्रजीत काहीतरी बोलून हसायचे, आणि काय झालं ते कळायच्या आधीच मीही हसून घ्यायची. वलगावचं आमचं घर धावपट्टीपासून तासाभराच्या आत, पण सुट्टी मिळाल्याशिवाय जाता येत नसे. घर लांब असतं तर इतकं एकटं वाटलं नसतं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

बाबा भाजीपाला पिकवतात. रोज सकाळी फोन करून ते मला वारा सांगत. "आज पश्चिमेचा हाय. धूर पाहून राहिलो मी." तूर उफणताना कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं. कोणी शेताचा धुरा, म्हणजे बांध, पेटवला असेल तर त्या धुराकडे बघायचं. विमानातलं त्यांना काही कळत नव्हतं. माझ्या कामात त्यांचा वाटा म्हणाल तर एवढा वारा, आणि तो त्यांनी मोठ्या ऐटीत सांभाळला होता.

एप्रिलमध्ये मी एकटीने अकोल्यापर्यंत जाऊन परत येत होते. शेजारची, शिकवणाऱ्या सरांची खुर्ची रिकामी. रेडिओवर वारा सांगितला गेला. मी तो पोपटासारखा परत म्हणून दाखवला आणि मनावर मात्र घेतला नाही, कारण धावपट्टीच्या टोकापलीकडे कोणीतरी धुरा पेटवला होता आणि त्याचा धूर सरळ माझ्याकडे येत होता. म्हणजे वारा समोरून. कडेच्या खांबावर वारा दाखवणारी केशरी कापडी नळी फडकत होती. तिच्याकडे बघायची मला गरजच वाटली नाही. घरचा धूर दिसत असताना परक्या कापडाला कोण विचारतं?

तो धूर बाभळींच्या आडोशाने वळून येत होता. खरा वारा डावीकडून होता. चाकं टेकायच्या आधीच विमान उजवीकडे सरकायला लागलं. टेकलं ते तिरपं, आणि लगेच नाक डावीकडे वळलं. मी घाबरून उजवा पाय दाबला, तोही गरजेपेक्षा फार. मग ते माझं ऐकेचना. धावपट्टी सुटली, गवत आलं, आणि पुढचं चाक काळ्या मातीच्या भेगेत अडकून वाकलं. इंजिन बंद केलं. मला खरचटलंही नव्हतं. माणसं येईपर्यंत तशीच बसून राहिले. कोणाशी तरी बोलावंसं फार वाटत होतं, आणि रेडिओवर सांगण्यासारखं ते नव्हतं.

"वारा अचानक फिरला का?" सरांनी विचारलं. त्यांनी मला सुटायला वाट करून दिली होती. मी खरं ते सांगितलं, आणि माझं एकटीने उडणं बंद झालं. ते योग्यच होतं.

बाबांना काय सांगायचं, हा प्रश्न त्याहून अवघड होता. वारा फिरला म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि मी तेच म्हणणार होते. पण बातमी माझ्याआधीच वलगावला पोचली होती, आणि फोन उचलल्या उचलल्या ते म्हणाले, "काहून बाई, धूर नाही पाहिला काय तू?" माझं डोकं फिरलं. बाहेरच्यांपुढे गिळलेला राग घरच्यांवरच निघतो.

"धूरच पाहिला बाबा. म्हणून तं झालं."

ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "असं हाय काय. मंग आता माह्यं आयकत नको जाऊ. तिथल्या मानसाइचं आयकत जाय."

मी समजावलं. मधे झाडं होती, चूक माझी होती. ते नुसतं हो हो म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही.

दोन महिन्यांनी मला पुन्हा एकटीला सोडलं. नीट उतरले आणि आधी बाबांना फोन लावला. "वारा कसा होता, इचारा ना मले," मी म्हटलं.

"तुले माईत असंल बाई," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन आईकडे दिला.