चुलीवर वाळवलेला ट्रान्सफॉर्मर

मुंबईत विजेच्या वर्कशॉपमध्ये मी तेव्हा हंगामी होतो. साहेबांनी बजावलं होतं, एक छोटा ट्रान्सफॉर्मर स्वतः बनवून आण; चाचणीत टिकला तर कायम करतो, नाही तर रस्ता धर. आणि मी असा शहाणा, की ते काम घेऊन भातलावणीला गावी आलो, पोलादपूरच्या वर डोंगरातल्या आमच्या वाडीत! लावणीला जायचं नाही, हे आमच्याकडच्या चाकरमान्याच्या मनातही येत नाही.

दिवसभर चिखल तुडवायचा, संध्याकाळी पडवीत तार गुंडाळायची. वहिनीने विचारलं, "ह्याचा उपेग काय रं?"

मी सांगितलं, लांबून येणारी वीज फार जोराची असते, तशीच घरात घेतली तर सगळं जाळील. हा तिचा जोर उतरवतो. एका लोखंडावर तारेची दोन वेटोळी, एकात वेढे जास्त, दुसऱ्यात कमी. एकमेकांना शिवत नाहीत, तरी एकातल्या विजेने दुसऱ्यात वीज उठते.

"जावाजावांसारकं मग! बोलायचं नाय, पन एकीचं समदं दुसरीला कळतंय."

गुंडाळून झालं आणि माझं धाबं दणाणलं. तारेवर वेढलेलं सूत दमट लागत होतं. दमट सुतातून वीज गळते, वेटोळं जळून जातं. आषाढात ऊन आणू कुठून? मी डोकं धरून बसलो. वहिनीने वेटोळी उचलली आणि चुलीवर टांगलेल्या परडीत ठेवली.

"पोरांची कापडं हितंच सुकत्यात, ह्ये का नाय सुकायचं?"

सूत करपू नये म्हणून तिने चार दिवस जाळ मंद ठेवला, धुराने डोळे लाल झाले तरी वेटोळी परतत राहिली. ओल पुन्हा शिरू नये म्हणून मी ती गरम असतानाच सोबत आणलेल्या व्हार्निशमध्ये बुडवली, लोखंडावर चढवली आणि मुंबई गाठली.

साहेबांनी वीज सोडली. दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेला दिवा लागला, लागलेलाच राहिला. साहेब वाकून बघायला गेले आणि त्यांनी नाक धरलं. "बोंबील?" मी कायम झालो.

दिवाळीत घरी हा किस्सा मी रंगवून सांगितला. दादा हसला नाही.

"बोंबील परडीतनं काढून तिनं तुजं सामान ठेवलं. त्या चार दिसांत समदे बुरसले. सारा पावसाळा आमी नुसता भात खाल्ला."

"गप ऱ्हावा वो," वहिनी म्हणाली.

माझी भाकरी तिच्यामुळे आहे, हे मला त्या क्षणी कळलं. मी उठून तिच्या पाया पडलो. ती ओशाळून मागे सरली.

"पाया कसला पडतोस? दिवा लागला न्हवं?"