मध्येच मारलेली गाठ

पेशी प्रथिनं कशी बनवते, हे बारावीच्या वर्गाला शिकवताना मी आईकडून सुईदोरा आणि टोपलीभर फुलं न्यायची. आई मळ्यात झेंडू-शेवंती पिकवते, हार ओवते आणि द्वारकेच्या देवळाबाहेरच्या दुकानांत पाठवते. केंद्रकातला मूळ मजकूर बाहेर येत नाही, त्याची नक्कल बाहेर येते. रायबोसोम, म्हणजे पेशीतला ओवणारा, ती नक्कल तीन-तीन अक्षरं घेऊन वाचतो. दर तीन अक्षरांना एक ठरलेलं अमिनो आम्ल, म्हणजे आमचं एक फूल. 'थांबा' सांगणारी तीन अक्षरं आली की गाठ मारायची, हार पुरा झाला. मग मी मुद्दाम मध्येच गाठ मारून म्हणायची, "एका अक्षराची चूक, आता घाला हा देवाच्या गळ्यात." मुलं हसायची. मलाही तो विनोद आवडायचा. शहाणपण मिरवायची हौस, दुसरं काय.

माझा मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर यायला लागला. मी त्याला आळशी म्हटलं. आई मात्र हातातला हार खाली ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "माझा भाऊ असाच उठायचा."

त्या मामाला मी पाहिलं नाही. त्याचे पाय हळूहळू गेले आणि सतराव्या वर्षी तोही गेला. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो दोन वर्षांचा असताना आठ वर्षांच्या आईच्या कडेवरून विहिरीच्या कठड्यावर पडला होता. आजीने तिला ते जन्मभर ऐकवलं. दर भाऊबीजेला आई अंगणात चंद्राला ओवाळायची आणि पुटपुटायची, "चुकलं रे भाऊ, माझा हात सुटला." लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया चंद्राची माफी मागतात.

मुलाच्या रक्ताचा अहवाल आला. स्नायूंना सांभाळणाऱ्या प्रथिनाच्या मजकुरात मध्येच 'थांबा' आला होता. डॉक्टर समजावत होते आणि त्यांचं पुढचं प्रत्येक वाक्य मला आधीच पाठ होतं. हा दोष आईकडून मुलाला येतो. बाईजवळ दुसरी चांगली प्रत असते म्हणून तिचं सहसा निभावतं, मुलग्याजवळ ती नसते. माझ्या रक्तात तो निघाला, मग आईच्याही निघाला. वर्गातला विनोद तिथे बसल्या बसल्या आठवला आणि मला स्वतःची किळस आली.

आईच्या तपासणीत काय निघालं ते तिला सांगावं की नाही, यावर मी महिनाभर विचार करत राहिले. शेवटी वाटलं, साठ वर्षांचं ओझं तरी उतरेल. भाऊबीजेच्या सकाळी तिच्याच हातातला दोरा घेऊन, त्यावर मध्येच गाठ मारून मी सगळं सांगितलं. मामा पडल्यामुळे गेला नाही, तो जन्मालाच ते घेऊन आला होता, तुझा हात सुटला नसता तरी हेच झालं असतं. तिने तो दोरा बोटांनी चाचपला. मग विचारलं, ती गाठ सोडवता येत नाही का? ओल्या दोऱ्याची गाठसुद्धा ती फूल न फाडता सोडवते. मी म्हटलं, अजून तरी नाही, औषधाने थोडं लांबवता येतं. ती नुसतं "बरं" म्हणाली. मला वाटलं, निभावलं.

संध्याकाळी तिने चंद्राला ओवाळलं. पहिल्यांदाच काही पुटपुटली नाही. मला इतकं हायसं वाटलं की ताट घ्यायला मी हात पुढे केला. तिने ते दिलं नाही. ओट्यावर बसलेल्या माझ्या मुलापुढे ती गेली, त्याला ओवाळलं आणि म्हणाली, "चुकलं रे बाळा. माझ्याकडनं आलं तुला हे."

तुझ्याकडून नाही, माझ्याकडून, असं मला म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. पण मी पुढे केलेला हात मागे घेतला.

ओवाळल्यावर पाया पडायचं असतं, हे मुलाला ठाऊक होतं. मांड्यांवर हात टेकत, सावकाश, तो उठायला लागला. आम्ही दोघी वाट बघत उभ्या राहिलो.