कामठीची सुरी

वेंगुर्ल्याहून नागपूर म्हणजे आमच्याकडच्या बायकांना परमुलूखच. कोल्हापूरपर्यंत एस.टी., पुढे आगगाडी. सकाळी डब्यातून उतरले तेव्हा अंगावरची शाल सोडवेना, एवढी थंडी. माझा धाकटा भाऊ अनंत तिथे कारकून. उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला होता, आणि मी मात्र दिवाळी उरकून आता पोचत होते.

प्रताप नगरात त्याचं दोन खोल्यांचं घर. अनंत अंगणात खुर्चीवर बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "ताई, दमलीस ना?" एवढंच बोलला.

मी पिशवीतून मासळीच्या कालवणासाठी आणलेली तिरफळं आणि सोलं काढली, तशी माझी भावजय शकू मला आत घेऊन गेली. ती इकडचीच, वर्ध्याकडची. हळूच म्हणाली, "ताई, आता घरात मासोळी नाही येत. मांगं यायच्या घशात काटा अडकला. दवाखान्यात नेऊन काढला. मले लय भेव वाटते."

काटा रोहूचा, अगदी बारीक. डाव्या हाताने अनंतला तो चाचपता आला नव्हता. शकू काटे काढून भरवायला बसली, तर "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणून त्याने ताट सरकवलं. तेव्हापासून समोर येईल तो वरणभात मुकाट्याने गिळायचा. समुद्रकाठी वाढलेला माणूस!

माझे यजमान खानावळ चालवतात. तिथला गोव्याचा स्वयंपाकी सुरमईचं मांस काट्यावरून अख्खं सोडवी. त्याचं पाहून माझाही हात बसला होता. त्या कामाला विळी चालत नाही. पातळ, लवणारी सुरी लागते. अशी सुरी मिळाली तर अनंतला आपल्या हाताने मासे खाता येतील, असं मी शकूला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन माझ्याआधी दारात उभी.

इतवारीच्या बाजारात चकचकीत सुऱ्या पुष्कळ, पण सगळ्या भोपळा कापावा अशा जाड. शेवटी दुकानदारच कंटाळला. "बाई, असं नाजूक पातं छावणीतल्या बावर्च्यायजवळ राह्यते. कामठीले जा."

कामठीच्या बसमधून उतरलो तर गल्लीगल्लीतून मागांची खडखड. विचारत विचारत एका म्हाताऱ्या चाचांच्या दुकानात पोचलो. त्यांनी तीन सुऱ्या पुढे ठेवल्या. पहिली वाकेचना. दुसरी वाकली ती तशीच राहिली, कच्चं लोखंड. तिसरी काळसर, दिसायला दरिद्री, पण वाकवली तशी कमान झाली आणि सोडताच सरळ. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं, पितळी खिळ्यांनी आवळलेलं. ओल्या हातात मूठ फिरते का, हे पाहायला मी माठातलं पाणी हातावर घेतलं, तेव्हा चाचा हसले.

"बहेनजी, सुरी पाहून राहिल्या का जावई?"

"मासा कापून पाहिल्याशिवाय घेणार नाही," मी म्हटलं.

"मग घेऊन जा ना. समोरच गुजरी आहे."

गुजरीत (रोजच्या भाजी-मासळीच्या बाजारात) एक ढीवर बाई (नदीत मासे धरणाऱ्यांतली) टोपलं घेऊन बसली होती. गोड्या पाण्यातला मला ठाऊक असलेला मासा एकच. मी रोहू मागताच शकूने माझा हात धरला.

"रोहू नको वाटत असन तं मरळ घ्या नं वं," ती बाई म्हणाली. "मधात एक काटा, बाकी मांस."

सापाच्या डोक्याचा तो बुळबुळीत मासा मी जन्मात हाती धरला नव्हता. डोक्यामागे चीर दिली, पातं आडवं केलं आणि शेपटीकडे ओढलं. घाई झाली, पहिली बाजू फाटली. दुसऱ्या बाजूला हात सैल सोडला. पातं हाडाला लागून लवत गेलं, खालची खरखर बोटांना कळत राहिली, आणि मांसाची पट्टी अलगद सुटली.

"अवं माय, मासोळी कापून राहिली का चादर काढून राहिली!" बाई म्हणाली. सुरी ठरली.

घरी आल्यावर शकूने तुकडे ताटात मांडून एकेकावर बोट दाबत नेलं. मला जरा रागच आला. इतक्यात तिचं बोट थांबलं. तिने नखाने ओढून केसासारखा काटा बाहेर काढला. संपलं, आता ही मासळी फेकणार, असं वाटलं. शकूने तो काटा उजेडात धरून पाहिला.

"ताई, सुरी तुमी चालवा," ती म्हणाली, "बोटं मी फिरवीन." आणि तिने पहिल्या तुकड्यापासून पुन्हा सुरुवात केली.

रात्री तिरफळं घालून कालवण केलं. अनंतने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काटे?"

"नाहीत. तुझं तू जेव."

तो डाव्या हाताने जेवू लागला. शकू पाण्याचा पेला धरून उभी. एक घास, दुसरा, तिसरा. मग त्याने मान वर केली.

"शकू, मीठ कमी आहे."

ती मीठ आणायला आत गेली ती येईना. पाहते तर पदर तोंडाला लावून हसत होती, डोळे भरलेले. "बिमार पडल्यापासून पयल्यांदा नावं ठेवली यायनं जेवणाले!"

पुढचे काही दिवस शकू माझ्याजवळ बसून मरळ सोडवायला शिकली. पहिल्याचा तर तिने चुरा केला. त्याची भुर्जी करून आम्ही दोघींनी खाल्ली. निघताना सुरीला खोबरेल लावून ती तिथेच ठेवली.

घरी परतल्यावर शेजारणी जमल्या. किल्ला कसा, तलाव केवढा, नागपुरात काय काय पाहिलंस? यांतलं मी काहीच पाहिलं नव्हतं.

"भाऊ जेवताना पाहिला," मी म्हटलं. त्यांना ती थट्टा वाटली. एवढ्या लांबच्या प्रवासाचं आणखी काही सांगावं म्हणून मी आठवायला लागले, पण मला दुसरं काही आठवेना.